शोधबाईची ताई

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीखाली एक लांबट खोली होती. तिथे ऊन कधी पोचायचं नाही. भिंतीला लागून कॉम्प्युटरची रांग, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट, आणि दारावर कुणीतरी चिकटवलेला कागद: ‘प्रशिक्षण चालू आहे, दार आपटू नये.’ दार तरीही आपटायचंच.

ह्या खोलीत ती दर शनिवारी गावोगावच्या लायब्ररीवाल्यांना शोधायला शिकवायची. पुस्तकं नव्हेत, पुस्तकं त्यांना डोळे मिटूनही सापडत. आजारांवर, औषधांवर, प्रयोगांवर जगभर जे लेख छापले जातात ते सगळे डेटाबेस नावाच्या एका अथांग विहिरीत जाऊन पडतात. त्या विहिरीतून नेमका हवा तो लेख वर कसा काढायचा, हे ती शिकवायची. डॉक्टर मंडळी तिला शोधबाई म्हणत. आधी थट्टेने म्हणत, मग सवयीने, आणि शेवटी तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ती एकच काम द्यायची. “सर्दीवर काय लिहिलंय ते शोधा.” असं म्हटलं की लगेच कुणीतरी ‘कोल्ड’ असं टाइप करून मोकळं व्हायचं, आणि पडद्यावर लेखांचा डोंगर उभा राहायचा. थंड हवेतला गहू, बर्फात गोठलेली बोटं, शीतगृहातले मासे, आणि तळाशी कुठेतरी अंग चोरून बसलेली बिचारी सर्दी.

त्या वर्षीच्या तुकडीत एका लहान दवाखान्याची लायब्ररी सांभाळणारे वयस्क गृहस्थ होते. सारा जन्म पुस्तकांवर शिक्के मारण्यात गेला, म्हणून बाकीचे त्यांना शिक्केमामा म्हणत. ते चष्मा वर ढकलून म्हणाले, “बाई, सर्दी शोधायला निघालो आणि मासळीबाजारात पोचलो की हो!”

खोली हसली. तीही हसली. “मशीन मनातलं ऐकत नाही, मामा. तुम्ही जे विचाराल तेवढंच ऐकतं. म्हणून आधी प्रश्न ठरवायचा, मग शोधायला बसायचं. आणि एकदा ठरलेला प्रश्न उत्तर आवडलं नाही म्हणून बदलायचा नाही. हे जो पाळणार नाही त्याला मी नापास करणार.”

नापास करायचा तिला अधिकार नव्हता, पण कुणी विचारलं नाही.

ह्या शोधबाईला घरी मात्र कुणी बाई म्हणत नसे. घर म्हणजे ताईचं घर. आई लवकर गेली, वडिलांचं संसारातलं लक्ष त्याआधीच उडालं होतं, तेव्हा ताईने कंबर कसली. शाळा सोडून ती एका लाँड्रीत कामाला लागली. तिथेच वाफेचं प्रेस चालवणाऱ्या माणसाशी तिचं जुळलं, आणि मालक थकल्यावर नवराबायकोनं तेच दुकान चालवायला घेतलं. धाकट्या बहिणीला ताईनेच शिकवलं, पण त्याचा उच्चार कधी केला नाही. थट्टा मात्र करायची. “तू कागदांत शोध, छोटे, मी लोकांच्या खिशांत शोधते. बघू खरं कुणाला जास्त सापडतं.” धुवायला आलेल्या कपड्यांच्या खिशांतून तिला काय काय मिळायचं. एकदा तर एका कोटात कवळी निघाली. ताईने ती स्वच्छ धुतली आणि कोटाबरोबरच बांधून दिली. “इस्त्री तेवढी नाही केली,” म्हणाली, “उगाच त्याचं हसू बदललं असतं.”

छोटीने लग्न केलं नाही. कॉलेज सुटलं की ती सरळ लाँड्रीत यायची. मागच्या खोलीत वाफेनं भिंती ओलावलेल्या असत, साबणाचा आणि गरम कापडाचा वास अंगात मुरे. तिथेच एका उंच स्टुलावर बसून ती चहा प्यायची आणि दिवसभराचं गाऱ्हाणं सांगायची. ताई शर्टांच्या घड्या घालता घालता ऐके. भाऊजी प्रेसच्या हुसहुस आवाजात पाठमोरे उभे असत. मनात आलं तर हुंकार देत, नाही तर तेवढंही नाही. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. एकूण बरं चाललं होतं.

मग ताईला गुंडी लावता येईना. शर्टाची घडी घालण्याआधी गळ्याची गुंडी लावावी लागते, नाही तर कॉलर बसत नाही. आयुष्यभर केलेलं काम, पण अंगठा आणि बोट एकमेकांना भेटेनात. “बोटं रुसलीत गं,” ती म्हणाली. काही आठवड्यांनी हातातून इस्त्री निसटली. मग जीभ जड झाली, शब्द लडबडायला लागले. दुकानात एक गिऱ्हाईक दुसऱ्याच्या कानात कुजबुजलं, “बाई पिते वाटतं.” भाऊजींनी ते ऐकलं. प्रेस बंद केलं, त्या माणसाचे कपडे न धुताच त्याच्या हातात दिले आणि पुन्हा प्रेस सुरू केलं.

तपासण्या छोटीच्याच कॉलेजात झाल्या. मेंदूचे डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी तिघांना समोर बसवून सांगितलं. “ह्या आजारात नसा हळूहळू मरत जातात. मग स्नायू ऐकेनासे होतात. हात, पाय, पुढे गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी शाबूत राहते. हे बरं करणारं औषध नाही. एक गोळी आहे, ती थोडी मुदत वाढवते. ती आजपासून सुरू करू.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताई जड जिभेनं म्हणाली, “म्हणजे शेवटपर्यंत सगळं कळत राहणार. माणूस चांगला आहे, पण त्याला जरा खोटं बोलायला शिकवा कुणीतरी.”

त्या संध्याकाळी भाऊजी पहिल्यांदा प्रेसकडे पाठ करून छोटीसमोर उभे राहिले. “जगात छापलेला कागदन्‌कागद तुझ्या त्या मशीनमध्ये येतो म्हणतेस ना? डॉक्टर एकटा माणूस, तो किती वाचणार? तू शोध.”

“शोधते, भाऊजी.”

“असं नको. जीव लावून शोध.”

तिने शोधलं. आधी शिकवते तसंच शोधलं. आजाराची सगळी नावं घेतली, औषधांची घेतली, मोठे अभ्यास वेगळे काढले, एकेक वाचला. दुपारी सगळे जेवायला गेले की त्या बिनउन्हाच्या खोलीत ती एकटी बसायची. उत्तर डॉक्टरांनी दिलं होतं तेच होतं. गोळी, थोडी मुदत, बाकी काही नाही. पुन्हा शोधलं, पुन्हा तेच.

इथे खरं तर तिने उठायला हवं होतं. ती उठली नाही. तिने प्रश्न बदलला. ‘ह्या आजारावर काय उपयोगी पडतं’ हे विचारायचं सोडून ती ‘कुणी बरं झालं का’ असं विचारायला लागली. जो लेख ‘नाही’ म्हणे तो ती अर्ध्यावर मिटायची, जो ‘कदाचित’ म्हणे तो पुन्हा पुन्हा वाचायची. असं करता करता एका जुन्या लेखाच्या तळटिपेत तिला आणखी एका लेखाचा उल्लेख मिळाला. मूठभर रुग्णांच्या पाठीच्या कण्यात काही पेशी टोचल्या होत्या आणि काहींना गुण आला होता. लेख तिच्या लायब्ररीत नव्हता. दुसऱ्या गावच्या एका ओळखीच्या ग्रंथपालांकडे कधीकाळी उतरवून ठेवलेली प्रत होती, ती त्यांनी पाठवली. तिने ती उभ्या उभ्या वाचली. एका बाईला पुन्हा स्वतःच्या कपड्यांच्या गुंड्या लावता येऊ लागल्या, असं एक वाक्य त्यात होतं.

कुणाही विद्यार्थ्याला तिने आधी डेटाबेसमध्ये जाऊन त्या लेखाची नोंद बघायला लावली असती. लेखाचं पुढे काय झालं, कुणी खोडला का, त्यातला प्रयोग कुणी पुन्हा करून पाहिला का, हे तिथे लिहिलेलं असतं. स्वतः मात्र तिने प्रत पर्समध्ये घातली आणि लाँड्री गाठली. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

“लहानसा अभ्यास आहे, भाऊजी. खात्री काही नाही,” असं ती म्हणाली खरं, पण ते वाक्य गुंड्यांच्या वाक्याच्या नंतर म्हणाली. तोपर्यंत भाऊजींना ऐकायचं ते ऐकून झालं होतं. त्यांनी कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. ताई दोघांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी वर्गात लेखकाच्या आणि मथळ्याच्या आधारे लेख कसा शोधायचा हे चाललं होतं. उदाहरण हवं होतं. तिच्या डोक्यात रात्रंदिवस एकच मथळा होता, तोच तिने टाइप केला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद उघडली. तिची पाठ पडद्याकडे होती. ती लेखकाचं नाव कसं लिहायचं ते समजावत होती, तेवढ्यात शिक्केमामांनी हात वर केला.

“बाई, ह्या लेखाच्या डोक्यावर ही लाल पट्टी कसली?”

ती वळली. वाचलं. पुन्हा वाचलं. कुणाला वाटलं बाई शब्द विसरल्या.

“ही पट्टी,” ती शेवटी म्हणाली, “लेख मागे घेतला असला की येते. छापणाऱ्यांनीच मागे घेतलाय. चौकशी झाली. ह्यात जे रुग्ण बरे झाले असं लिहिलंय, त्यांच्या तपासण्यांचे कागद कुणाला दाखवता आले नाहीत.”

“म्हणजे खोटा?”

“म्हणजे ह्यावर कुणी विसंबू नये.”

मामांनी वहीत लिहून घेतलं. मग अगदी निरागसपणे विचारलं, “आणि आधीच कुणी विसंबून बसलं असेल तर हो, बाई?”

“पुढचं उदाहरण घेऊ,” ती म्हणाली.

वर्ग तिने पुरा केला. कसा केला ते तिला नंतर आठवेना. तिथून ती चालत लाँड्रीत गेली. बसने गेली असती तर लवकर पोचली असती, आणि तेच तिला नको होतं.

भाऊजी सुटकेस खाली काढून पुसत होते. तो उपचार करणारं एक क्लिनिक त्यांना सापडलं होतं, लांबच्या शहरात. फोनवर बोलणं झालं होतं, तारीख मिळाली होती. कित्येक आठवड्यांत त्यांच्या चेहऱ्यावर असा तजेला दिसला नव्हता. छोटीने दारातच सांगून टाकलं.

भाऊजींनी फडकं बाजूला ठेवलं. “परवा खरा होता, आज खोटा झाला?”

“आधीपासूनच खोटा होता. मी बघितलं नाही. चूक माझी आहे.”

“शास्त्रज्ञांची आपसात भांडणं असतात. एकानं दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही म्हणून खोडलं असेल.”

“तसं नाहीये हो ते. भाऊजी, ऐका माझं. कण्यात सुई घालणार आहेत. ताप येईल, संसर्ग होईल, आहे ती ताकदही जाईल.”

“मग दुसरं काय करू ते सांग!” प्रेसवरचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलू शकतो हे तिला माहीत नव्हतं. “तूच दिलंस, आता तूच काढून घेतेस. बदल्यात काय देतेस? सांग ना! काय आहे तुझ्याकडे?”

तिच्याकडे काहीच नव्हतं. भाऊजी सुटकेस उचलून पुढच्या दुकानात गेले.

ताई खुर्चीत बसून होती. तिने मानेनं बोलावलं. तेव्हा तिचं बोलणं फक्त घरच्यांनाच कळत होतं, तेही लक्ष दिलं तर. ती थांबत थांबत म्हणाली, “मी जाणार आहे.”

“ताई, अगं ते खोटं आहे!”

“ऐकलं मी. कान चांगले आहेत अजून.” घोट गिळायला तिला वेळ लागला. “मला बरं व्हायला नाही जायचंय, छोटे. त्याच्यासाठी जायचंय. जन्मभर त्यानं हातानं काम केलंय. आता हातावर हात धरून बसवलंस तर तो माझ्याआधी जाईल. मागे राहिलाच, तर आयुष्यभर म्हणत राहील, नेलं असतं तर.”

“आणि तुझे हाल?”

“ते तसेही आहेतच.” मग म्हणाली, “तूही चल. आणि तिथे जाऊन शिकवायला बसू नकोस कुणाला.”

छोटीही बरोबर गेली. क्लिनिक चकचकीत होतं. पांढरे सोफे, कुंड्या, हळू आवाजात संगीत, आणि सोफ्यांवर त्याच आजाराची माणसं, प्रत्येकाबरोबर कुणीतरी, प्रत्येक कुणीतरीच्या चेहऱ्यावर भाऊजींचाच तो तजेला. समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत तो लेख लावला होता. पहिलं पान, मोठं करून. लाल पट्टी अर्थातच नव्हती.

छोटीला वाटलं उठावं, सगळ्यांना ओरडून सांगावं. हे तर तिचं कामच होतं. ती अर्धवट उठलीही. चाकाच्या खुर्चीतून ताई तिच्याकडे बघत होती, आणि ताईच्या शेजारी भाऊजी चष्मा लावून, ओठ हलवत, चौकटीतली अक्षरं देवासमोर वाचावीत तशी वाचत होते. ती पुन्हा बसली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “तुमचं पहिल्यांदाच का? आमचं दुसऱ्यांदा आहे. गुण येतो म्हणतात, हळूहळू.” छोटी म्हणाली, “हो का.” तेवढं बोलून गप्प बसल्याची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली. घरी परतल्यावर तिने सरकारी आरोग्य खात्याला त्या क्लिनिकबद्दल लिहिलं, लेखाची नोंद जोडली. पोच आली. पुढे काही झालं नाही.

सुई टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ताईला ताप भरला. परतीच्या प्रवासात ती नुसती पडून होती. ताप उतरला, पण जे गेलं ते आलं नाही. पाय आधीपेक्षा लवकर गेले, गिळणं गेलं, पोटात नळी घालावी लागली. आजारानेच हे केलं असतं की सुईने लवकर केलं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मेंदूचे डॉक्टर एकदा एवढंच म्हणाले, “मला एक शब्द विचारायचा ना, बाई.” रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

शेवटी शेवटी ताई फक्त पापण्या मिटायची. छोटी पुठ्ठ्यावर लिहिलेली अक्षरं एकेक करून दाखवे, ताई हव्या त्या अक्षराला पापणी मिटे. एक वाक्य व्हायला चहा निवून जाई. एके दुपारी असाच कितीतरी वेळ घालवून तिने शब्द जुळवला, ‘कॉलर’. दारात भाऊजी उभे होते, त्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. छोटीने उठून ती सरळ केली. भाऊजींनी करू दिली. ताई तोंडभर हसली. चेहरा हलला नाही, पण हसली हे दोघांनाही कळलं.

थंडी संपत आली होती तेव्हा ती गेली. सकाळचं ऊन खिडकीत होतं, मुलगी उशाशी होती. घरात आवाज झाला नाही.

त्यानंतर भाऊजी छोटीशी बोलेनासे झाले. भांडण नव्हतं. ती आली की ते स्टूल पुढे सरकवत, चहा ठेवत आणि प्रेसकडे वळत. तिने खोलीत पाऊल टाकलं की हुंकारसुद्धा बंद व्हायचा. तरी ती जात राहिली. काही दिवसांनी तिने शनिवारचा वर्गही पुन्हा सुरू केला. आवाज खोल गेला होता, थट्टा येईनाशी झाली होती. शिकवण्याचा क्रम तिने बदलला. लाल पट्टी आता पहिल्याच दिवशी येई. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. एका नव्या पोरीनं कंटाळून विचारलं, “मॅडम, इतकं तपासत बसलं तर माणूस शोधणार कधी?” ती म्हणाली, “बस अजून थोडा वेळ.” पोरगी बसली.

पुढल्या वर्षी भाऊजींच्या हातातही जोर राहिला नाही. मुलीने हट्ट धरला आणि दुकान दुसऱ्याला देऊन ते तिच्याकडे राहायला निघाले. बसस्टँडवर सोडायला छोटी गेली. दोघं बाकावर बसले, मध्ये पिशवी. बस यायला वेळ होता. आजूबाजूला माणसं ये-जा करत होती, स्पीकरवर कुठल्यातरी गावांची नावं चालली होती.

“एक विचारू?” भाऊजी समोर बघत म्हणाले.

इतक्या महिन्यांनी. तिने मान हलवली.

“तो कागद तू मला आणून दिलास. तेव्हा तुला खरा वाटला होता ना? की नुसतं माझं तोंड बघून दिलास?”

तिला खोटं बोलता आलं असतं. “खरा असावा असं वाटलं होतं,” ती म्हणाली. “म्हणून मी बघितलंच नाही.”

भाऊजींनी मधली पिशवी खाली ठेवली. “मलाही तेच,” ते म्हणाले. “तू सांगितलंस त्या दिवशी मला कळलं होतं. सुटकेस पुसतानाच कळलं होतं. तरी नेलं.”

बस आली तशी भाऊजींनी पिशवी उचलली, पायरीवर जरा अडखळले. तिने मागून हात दिला. खिडकीची जागा मिळाली. त्यांनी काच सरकवायचा प्रयत्न केला, ती अडकली होती, सरकली नाही. काचेआडून ते काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं नाही, पण तिने हो म्हणून मान हलवली, आणि बस निघाली.